तीन मिलिमीटर

कारखान्यात त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे. शर्यतीच्या छोट्या शिडाच्या होड्यांचे आराखडे काढणाऱ्याने कीस काढायचा नाही, तर कुणी काढायचा? ही होडी मात्र त्याने पहिल्यांदाच एकट्यासाठी आखली होती. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत दादा त्याच्या पुढच्या बैठकीवरून पाण्यात पडला आणि बुडाला. त्यानंतर दुसऱ्या कुणाला त्या जागी बसवायची कल्पनाही त्याला सोसत नव्हती.

फायबरग्लासचं कवच साच्यातून सुटलं, शीड चढलं आणि एका सकाळी धक्क्यालगतच्या संथ पाण्यात होडी उतरली. तो आत बसला. मिस्त्री धक्क्यावर उकिडवा बसून होडीच्या अंगावर आखलेली रेघ पाहत होता. माणूस बसल्यावर पाणी बरोबर त्या रेघेला टेकायला हवं.

“तीन मिलिमीटर जास्त बुडालीय, साहेब.”

“रेझिन जास्त लागून वजन वाढलं असणार.”

“मापून लावलंय. उगाच माझ्यावर खापर नको.”

होडी काढून काट्यावर चढवली. वजन चोख होतं. मग तो आकडे तपासायला बसला आणि दुसऱ्या पानावर त्याची नजर अडली. माणसांचं वजन, कोरड्या कपड्यांसकट: एकशे बेचाळीस. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने स्वतःच्या चौऱ्याहत्तरमध्ये दादाचे अडुसष्ट मिळवले होते. चूक इतकी बाळबोध होती की त्याला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले.

मग त्याच्या ध्यानात आलं. रेघ दोघांच्या वजनाची होती, आणि तो एकटा बसला होता. रेघ पाण्याच्या दोन सेंटिमीटर वर दिसायला हवी होती.

“साचा मोडून नवा करायचा का?” मिस्त्रीने विचारलं.

“आज राहू दे.”

दुपारी वारा चांगलाच वाढला. एवढ्या वाऱ्यात एकट्या माणसाच्या नाकी नऊ यायला हवेत, पण होडी सपाट धावत होती. वळण घेताना तो बाजू बदलायच्या क्षणभर आधीच ती तिकडे झुके. ही घाई दादाची होती. त्याला भीती वाटली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला एकटं वाटत नव्हतं.

“दादा, जरा दमानं,” तो मोठ्याने म्हणाला.

परतल्यावरही होडी तीन मिलिमीटर जास्तच बुडालेली होती. आत थेंबभर पाणी नव्हतं, फक्त पुढची बैठक ओली होती. त्याने हिशेब केला. या होडीला तीन मिलिमीटर म्हणजे नऊ किलो.

घरी त्याने त्या शर्यतीत दादाच्या अंगावर होते तसेच आपले कपडे, जाड जॅकेट, स्वेटर, पँट आणि बूट, काट्यावर ठेवले, मग बादलीत बुडवून निथळतेच पुन्हा ठेवले. फरक नऊ किलोंचा होता. तो न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून राहिला.

सकाळी तो वहिनीकडे गेला.

“दादाचा एक कपड्यांचा जोड हवा होता.”

“कुणाला द्यायचाय, भाऊजी?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. स्वेटरवर इस्त्री फिरवून तिने पिशवी भरली, आणि न मागता वर एक टॉवेल ठेवला.

पिशवी पुढच्या बैठकीवर ठेवून तो निघाला. किनारा दूर गेल्यावर त्याने शीड सैल सोडलं आणि कुणी कपडे बदलत असताना वळवावी तशी मान वळवली.

होडी दोनदा हलली.

तो धक्क्याला लागला तेव्हा मिस्त्री पुन्हा उकिडवा बसला.

“आज नेमकी रेघेवर. काय केलंत?”

त्याने पिशवी उघडली. आत फक्त टॉवेल होता. चिंब भिजलेला, आणि घट्ट पिळून ठेवलेला.