मांदेलीचे पंख

भर समुद्रात होडीचं इंजिन बंद पडलं तर काय होतं? विशेष काही नाही. होडी डुलत राहते, तांडेल (होडीचा प्रमुख) झाकण उघडून आत डोकं घालतो, दोन-चार शेलके शब्द उच्चारतो, आणि तोवर बाकीचे निवांत चहा पितात. खारवणे गावच्या शलाका कुबलने हे लहानपणापासून पाहिलं होतं. तिचे बाबाच तांडेल होते. पण आभाळात विमानाचं इंजिन बंद पडलं तर? खाली तर नुसती पोकळी! तरंगायला पाणी नाही की नांगर टाकायला तळ नाही. हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता. आणि न विचारलेला प्रश्न गप्प बसत नाही बरं का, तो आत बसून पोखरत राहतो.

शलाकाचा धाकटा भाऊ अवधूत चेन्नईच्या एका इस्पितळात होता. आई त्याच्यापाशी होती. अवधूतच्या शरीरात नीट रक्तच तयार होत नव्हतं. त्याला कुणाची तरी अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ गर) हवी होती, आणि सगळ्या घरात जुळली ती एकट्या शलाकाची. सुईचं तिला काहीच वाटलं नाही. "घ्या की, हवी तेवढी घ्या," असं तिने पडद्यावर दिसणाऱ्या डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं.

घोडं अडलं ते विमानापाशी. रेल्वेच्या गर्दीत इतका लांबचा प्रवास करायला डॉक्टरांनी मनाई केली होती. वाटेत साधी सर्दी झाली असती तरी सगळं लांबणीवर पडलं असतं. म्हणून इस्पितळ आपलं विजेवर चालणारं छोटं विमान पाठवणार होतं. मागच्या महिन्यात ते एकदा आलंही होतं, तपासण्यांसाठी तिला न्यायला. तेव्हा शलाका धावपट्टीच्या कठड्याला मिठी मारून उभी राहिली ती राहिलीच. बाबांनी समजावलं, वैमानिकबाईंनी गोड बोलून पाहिलं, पण तिची बोटं काही सुटेनात. शेवटी विमान तिच्या रक्ताच्या नळ्या तेवढ्या घेऊन परत गेलं.

तेव्हा निभावलं. आता निभावणार नव्हतं. अवधूतला द्यायचं औषध फार कडक होतं. ते आधी त्याची स्वतःची बिघडलेली मज्जा पार पुसून टाकणार होतं, मगच तिथे शलाकाची मज्जा रुजणार होती. "एकदा औषध सुरू केलं की मागे फिरता येत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "म्हणून शलाका, आज संध्याकाळी तूच सांग. खरं काय ते सांग. नाही म्हणालीस तरी कुणी रागावणार नाही, आपण दुसरा दाता शोधू." दुसरा दाता मिळायला किती दिवस लागतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अवधूतच्या अंगात तेवढं थांबायची ताकद उरली नव्हती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण मोठ्यांना उगाच वाटतं, न सांगितलेलं मुलांना कळत नाही म्हणून. तिला सगळं कळलं होतं.

त्या दिवशी सकाळी कुंदाआजीने अंगणातून हाक मारली. "शलाका, चल गो. मांदेलीला पाण्यात सोडायचंय."

कुंदाआजी म्हणजे बाबांची आत्या. उभं आयुष्य तिने बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत काढलं. विमानांचे पंख वातबोगद्यात (जोराचा वारा सोडून वस्तू तपासतात त्या लांबट दालनात) ठेवून ते कितपत वारा सोसतात, हे ती पाही. निवृत्त झाल्यावर गावी येऊन तिने यंत्रमासे बनवायला घेतले. मांदेली हा तिचा लाडका यंत्रमासा. पिवळाधमक आणि माणसाएवढा लांब. तो महिना महिना समुद्रात फिरायचा आणि पाणी कुठे तापलंय, मासळी कुठे सरकलीय, ते शोधून यायचा. पाण्याबाहेर डोकं काढलं की बोलायचासुद्धा, पण अगदी मोजकं. सगळं गाव त्याला मांदेली म्हणे, म्हणून आजीही 'ती' म्हणू लागली होती.

होडीतून नेताना मांदेलीचे पंख काढून ठेवत, नाहीतर जाळ्यात अडकून मोडायचे. पाण्यात सोडण्याआधी ते खटक् करून परत बसवायचे, आणि हा मान कायम शलाकाचा. आजवर ती एकदाही चुकली नव्हती.

खडपाच्या (समुद्रातल्या खडकांच्या) आडोशाला बाबांनी होडी थांबवली. तिथलं पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू दिसत होती. चाचणीसाठी मांदेलीच्या शेपटीला दोर बांधला होता. शलाकाने तिला अलगद पाण्यात सोडलं, आणि मांदेली दगडासारखी सरळ खाली गेली! धप्प करून वाळूत बसली. ढगासारखी माती उठली.

"अगं, हे काय!" बाबा ओरडले. "पंख कुठे आहेत?"

पंख शलाकाच्या पायापाशीच पडले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. पंखांसाठी नव्हे. महिनाभर दाबून धरलेलं सगळं त्या एका चुकीने बाहेर आलं. "मला नाही जमणार विमानात बसायला," ती हुंदके देत म्हणाली. "इंजिन बंद पडलं तर ते असंच पडेल खाली. असंच! आणि मी गेले नाही तर अवधू..."

बाबांनी तिला जवळ घेतलं. कुंदाआजीने मात्र सावकाश दोर ओढून मांदेलीला वर घेतलं.

"क्षमस्व. मी पुढे गेले नाही," पाण्यावर डोकं काढून मांदेली म्हणाली.

"तुझी चूक नाही ती," आजी म्हणाली. "शलाका, डोळे पूस आणि मला एक सांग. हिला इंजिन आहे?"

"नाही."

"पंखा? वल्हं? शीड?"

"काहीच नाही." शलाकाने नाक पुसलं. हे तिला तोंडपाठ होतं. "हिच्या पोटात तेल आहे. ते बाहेरच्या पिशवीत ढकललं की ही फुगते, वर येते. तेल आत ओढून घेतलं की आकसते आणि बुडते."

"मग बुडून तळाला का जात नाही? गोव्यापर्यंत कशी जाते?"

शलाकाने पंख उचलले, खटक्, खटक् बसवले आणि मांदेलीला पुन्हा सोडलं. या वेळी मांदेली नाक किंचित खाली करून बुडू लागली, पण सरळ खाली नाही. ती पुढे निघाली. एक वाव (सुमारे सहा फूट) खाली, तर तीन वाव पुढे. दोर शलाकाच्या हातातून सरसर सुटत गेला. हे तिने कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

"ती बुडत बुडत पुढे जाते," ती हळूच म्हणाली.

"का?"

"पाणी पंखाला अडवतं. पंख पाण्याला खाली ढकलतो, मग पाणी पंखाला वर ढकलतं. म्हणून ती धपकन पडत नाही, घसरत जाते."

"या वर ढकलण्याला आम्ही उत्थापन (पंखाला वर उचलून धरणारा जोर) म्हणतो," आजी म्हणाली. "पाण्यात ते चालतं आणि हवेतही चालतं."

"पण हवा रिकामी असते ना आजी! पाणी हाताला लागतं तरी."

आजीने बाबांना खूण केली. बाबांनी मांदेलीला होडीत घेतलं आणि होडी भरधाव सोडली. "हात बाहेर काढ," आजी म्हणाली. "पंजा सपाट धर. आता पुढची कड जराशी वर कर." शलाकाने पंजा तिरका करायचा अवकाश, हात झपकन वर उचलला गेला! तिने तो पुन्हा खाली आणला, पुन्हा तिरका केला. पुन्हा वर. कुणीतरी खालून हात देत होतं.

"कोण उचलतंय?" आजीने विचारलं.

"हवा."

"आपल्या माजघरातली सगळी हवा तोलली ना, तर तांदळाच्या पोत्याइतकी भरेल. रिकामी कसली! पाण्यापेक्षा ती पुष्कळ विरळ आहे, म्हणून विमानाला पंख मोठे लागतात आणि वेग जास्त लागतो. इंजिनाचं काम एवढंच, वेग देणं. उचलून धरतात ते पंख. इंजिन बंद पडलं तर विमान मांदेलीसारखं घसरत उतरतं. मोठी विमानं एक किलोमीटर खाली येईपर्यंत पंधराएक किलोमीटर पुढे जातात. तेवढ्यात वैमानिक उतरायची जागा गाठतो."

"आणि ते हादरे बसतात ते?"

"हवेतल्या लाटा. त्याला विक्षोभ (हवेतली खळबळ) म्हणतात. तेव्हा पंख वाकताना दिसतील, घाबरू नकोस. मी वातबोगद्यात त्याहून कितीतरी जास्त वाकवलेत. वाकायलाच बनवलेले असतात ते, तुझ्या बाबांच्या होडीतल्या बांबूसारखे."

मग शलाकाने मनातलं विचारून टाकलं. "विमान कधीच पडत नाही का?"

बाबा काहीतरी बोलणार होते, पण आजीने हाताने थांबवलं. "कधीच नाही, असं मी म्हणणार नाही. तुला खोटं सांगून मला काय मिळणार? फार क्वचित पडतं. तुझे बाबा रोज समुद्रावर जातात, त्याहून ते कितीतरी सुरक्षित आहे. भीती जाईलच असंही मी सांगत नाही गो. तुला काय ठाऊक झालंय, तेवढं धरून ठेव."

संध्याकाळी पडद्यावर डॉक्टर आले, शेजारी आई. आईचे डोळे खोल गेले होते. मागे काचेपलीकडे पांघरुणात अवधूतचं डोकं तेवढं दिसत होतं.

"मी येते," शलाका म्हणाली. "मला अजून भीती वाटते. पण मी येते. औषध सुरू करा."

आईने तोंडावर पदर दाबला. बाबा उठून अंगणात गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

विमानात चढायच्या दिवशी बाबा सोबत होते, तरी शलाका घाबरलेलीच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. कठड्यापाशी ती थबकली. मग हात खिशात घालून पुढे गेली. धावपट्टीवर विमानाने वेग घेतला तसा तिने मांडीवर आपला पंजा सपाट धरला आणि पुढची कड जराशी वर केली. विमान उचललं गेलं. डोंगरांवर हादरे बसले, पंखांची टोकं वरखाली झाली, आणि ती बाबांचा दंड आवळून "लाटा, लाटा," पुटपुटत राहिली.

खरी परीक्षा पुढेच होती. चेन्नई जवळ आली आणि एकाएकी इंजिनाचा आवाज मंदावला. अगदी जेमतेम गुणगुण उरली. हाच, हाच तो क्षण, ज्याची तिने इतके दिवस धास्ती घेतली होती! तिने डोळे मिटले आणि नितळ पाण्यातली मांदेली आठवली, नाक किंचित खाली करून पुढे पुढे जाणारी. तिने डोळे उघडले. समुद्र हळूहळू जवळ येत होता. विमान पडत नव्हतं. घसरत, सावकाश, जिथे जायचं तिथे जात होतं.

शलाकाची मज्जा काढून अवधूतला दिली गेली, पण पुढचे दिवस कठीण गेले. काचेपलीकडे अवधूत कधी डोळे उघडायचा, कधी नाही. एका सकाळी डॉक्टर स्वतः धावत आले. अवधूतच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या होत्या, त्याच्या ताईच्या मज्जेतून आलेल्या. आई तिथेच जमिनीवर बसली आणि शलाकाचे दोन्ही हात कपाळाला लावून रडली.

काही महिन्यांनी तेच छोटं विमान खारवण्याला निघालं. खिडकीजवळ अवधूत, डोक्यावर नुकते कुठे केस फुटलेले, आणि शेजारी शलाका. खाली किनाऱ्याची पांढरी रेघ दिसू लागली तेव्हा तिने त्याचा हात घट्ट धरला.

"आता इंजिनाचा आवाज कमी होईल हं," ती म्हणाली. "घाबरू नकोस."

"मग आपण पडणार?" अवधूतने डोळे मोठे केले.

"अंहं. पुढे जाणार," शलाका म्हणाली. "उद्या तुला मांदेली दाखवते. तिचे पंख तू लाव."