येळवशीची राखण

येळवस अमावास्येला देवणीकडच्या त्या गावात कुत्रंसुद्धा मागं राहत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतं आणि भज्जी-आंबिलावर ताव मारतं. मागं राहतो एकच माणूस, राखणीला. त्याचं नाव सकाळी पारावर मडक्यातल्या चिठ्ठीनं ठरायचं. एकदा निघालेली चिठ्ठी परत कधीच मडक्यात पडत नसे.

गेल्या वर्षी हनुमंतानं ते मडकं बाद केलं. पोरगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करणारा. चिठ्ठ्यांचं त्याला हसू यायचं. त्यानं गावाची नावं मोबाइलात घातली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की यादीतलं कुठलंही एक नाव समोर. पहिल्याच वर्षी त्याच्या आईचं, सरस्वतीबाईंचं नाव आलं. यंदा त्यानं बटण दाबलं, तर पुन्हा सरस्वतीबाई.

पारावरची पोरं हसली. "मशीन बिघडलं का काय रं?"

"कॉम्प्युटरला सोयरं-धायरं नसतंय," हनुमंत फणकारला.

म्हातारी मंडळी बैलगाड्यांतून केव्हाच शेताकडं गेली होती. सरस्वतीबाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "बसते की मी. माझ्या लेकराच्या कामाला नावं ठिवू नका," म्हणत त्या पारावर टेकल्या.

दुपारी कोपीत आंबिल पिताना हनुमंतानं ही गंमत किशनरावांना सांगितली. किशनराव गावातले सगळ्यात जुने. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"दुसऱ्यांदा बसवलंस? मायला?"

"काय हुतंय त्यानं, आबा?"

किशनरावांनी आवाज खाली आणला. "रिकाम्या गावात दुपारी हाक येती... बसलेल्यालाच ऐकू येती. पहिल्या बारीला नुसतंच 'कोण हाय?' म्हणतंय. गप ऱ्हायचं, बास. पण एकदा बघितलेलं माणूस त्ये इसरत न्हाई. दुसऱ्या बारीला नाव घिऊन बोलावतंय... आन् नावानं हाक आली की माणूस ओ देतंच. आमच्या लहानपणी सरजाबाईनं दिली हुती. पारावरनं उठून गेली ती घावलीच न्हाई."

हनुमंत हे हसण्यावारी नेणार होता. तरी त्यानं मोबाइल काढून प्रोग्राम उघडला आणि एकेक ओळ वाचली. निघालेलं नाव यादीतून काढून टाकायची ओळ त्यानं लिहिलीच नव्हती. नाव निघायचं आणि परत त्याच ढिगात पडायचं. नशीब नव्हे, त्याचा आळस होता हा.

तो धावत सुटला. हरभरा तुडवत, बांध ओलांडत वेशीत आला आणि तिथंच थबकला. दाराला कड्या, चुलीला धूर नाही, चिमणीचा आवाज नाही. थंड राखेचा वास तेवढा गल्लीत साचलेला. आपलाच श्वास त्याला परका वाटू लागला.

"माय!" तो कसाबसा एकदा ओरडला. उत्तर आलं नाही.

वळणापलीकडं पार दिसला. सरस्वतीबाई बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून, खाली बघत. त्यानं भीत भीत खांद्याला हात लावला. खांदा उबदार होता. हनुमंताला रडूच फुटलं.

"ऊठ माय, शेतात जा. मी बसतो. माझी पहिलीच बारी हाय."

त्या नको नको म्हणत होत्या, पण त्यानं ऐकलं नाही. दिवस कलताना देवळामागून कुणीतरी हळूच विचारलं, "कोण हाय?" त्यानं दात आवळले आणि डोळे मिटले. पुन्हा काही आलं नाही. मग लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि त्याच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं प्रोग्राम नीट केला: सगळी नावं एकदाच पिसायची, मग वरून एकेक उचलायचं, उचललेलं नाव संपलं. माय समोर धडधाकट होती. इतका हलका तो कधीच झाला नव्हता.

"एक मातर बरं केलं न्हाईस," भज्जी वाढता वाढता सरस्वतीबाई म्हणाल्या. "मायला कुणी नावानं हाका मारतंय व्हय? वेशीपासनं 'सरस्वती... सरस्वती...' करत आलास. लई राग आला मला. म्हणलं, ओ देणारच न्हाई. येऊ दी जवळ, मंग बघते."

हनुमंत वेशीत ओरडला होता तो एकदाच. माय सोडून दुसऱ्या कशानं त्यानं तिला जन्मात हाक मारली नव्हती.

"चुकलं, माय," तो म्हणाला, आणि ताट पुढं केलं.