शिणाचे वाटेकरी

३ मार्च २०९१, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. सात देशांतल्या एकोणतीस हजार माणसांनी एकाच क्षणी जांभई दिली. फलटणच्या शर्वरी भोईटेंनीही दिली, रिवाजाप्रमाणे तोंडापुढे चुटकी वाजवली आणि समाधानाने म्हणाल्या, "झाला माझा लेक ताजातवाना."

त्यांचा यशोधन ध्रुवप्रदेशातल्या हिमठाण्यावर पहारा देत होता. संरक्षणाचा भार कोणी किती उचलायचा, यावरून सात मित्रराष्ट्रांत पूर्वी सतत धुसफूस चाले. एकाने जवान द्यायचे, दुसऱ्याने भाषणे. 'शीणवाटपा'ने ते भांडण मिटवले. थकवा म्हणजे मेंदूत साचत जाणारे संकेत. ते पहारेकऱ्याच्या मेंदूतून काढून 'वाटेकऱ्यां'च्या मेंदूंत विभागले, की दिवसभराचा शीण प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एका जांभईपुरता येई. जवानाला झोपेची गरजच उरत नसे. ज्यांच्यापाशी सैन्य नव्हते, ते चिमुकले देशही आता अभिमानाने जांभया देत. शर्वरीबाईंच्या आळीत तर जांभईनंतर रोज चहा-भज्यांची पंगत बसे.

त्या दिवशी पंगतीत एस्टोनियाच्या मारेबाई येऊन दाखल झाल्या. कानातले दुभाषी यंत्र सावरत त्या संकोचाने म्हणाल्या, "मी यशोधनची वाटेकरी. महिनाभर सारखं वाटतंय, घरी जावं. माझ्याच घरात बसून वाटतंय."

"मग बरोबर आलात. बसा, भजी गरम आहेत," शर्वरीबाई म्हणाल्या.

शेजारच्या डॉ. कादंबरी ओक शीणवाटप केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हातातले भजे मात्र तसेच राहिले.

"काय गं, मिरची लागली?"

"नाही काकू. यशोधनची मुदत कधी संपली?"

"दोन वर्षं झाली. परत यावंसं वाटलं की नुसता अर्ज करायचा, दुसऱ्या दिवशी विमान. पण फोनवर म्हणतो, मी मजेत आहे, घाई काय?"

"मनाचा शीण आणि शरीराचा शीण यंत्राला वेगळे ओळखता येत नाहीत. घराची ओढही त्यातच वाहून येत असणार. त्याची ओढ आता आपल्या सगळ्यांकडे आहे, थोडी थोडी."

शर्वरीबाईंनी झारा खाली ठेवला. "मग त्याची त्याला परत दे."

"ती एकटी निघत नाही. सगळा शीण परत जाईल. उभ्याउभ्या झोपेल तो, आणि ठाण्यावर तो एकटाच आहे."

"माझ्या एकटीची जांभई बंद केली तर?"

"बाकीचे उचलतील, काकू. आनंदाने."

मारेबाई एव्हाना स्वयंपाकघरात शिरून, जन्मभर इथेच वावरल्यासारख्या कांदा चिरत होत्या. त्यांना पाहून शर्वरीबाईंना हसू आले, आणि हसताहसताच त्यांनी पदराने डोळे टिपले. मग आणखी पीठ भिजवले.

घर वर्षभर गजबजलेले राहिले. डिसेंबरअखेर घरी येऊन गेलेले वाटेकरी : चारशे बारा. यशोधनचे परतीचे अर्ज : शून्य.