सायलोला लागलेली उचकी

पाथरवाडीच्या सायलोत, म्हणजे दहा मजली उंच पत्र्याच्या त्या कोठारात, ज्वारी आता आपल्या मर्जीने पडत नसे. छताच्या झरोक्यातून हवा आत घेऊन, दाण्यांमधून खाली खेचून, बसलेली ज्वारी भराभरा उतरवणारं यंत्र आलं होतं. कागदावर त्याचं नाव ‘वायुचालक’. गावाने मात्र पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, पंखाजी! ते बोलायचंही, आणि तेही शुद्ध.

द्वारकाबाई मस्के सव्वीस वर्षं इथे लाकडी हातोड्याने पत्रा ठोकून अडकलेली ज्वारी मोकळी करत आल्या होत्या. आज उपासनी साहेब चाचणी घ्यायला आले होते. पंखाजी पास झाला, की द्वारकाबाई उद्यापासून घरी.

खालचं दार उघडलं. ज्वारी भसकन आली, थांबली. पुन्हा भसकन, पुन्हा थांबली. सायलोला चक्क उचकी लागली होती!

“दार उघडे आहे. झरोका उघडा आहे. दाणा कोरडा आहे,” पंखाजी म्हणाला. “दोष आढळत नाही.”

बरी खोड मोडली मेल्याची, असं वाटून बाई पदराआड हसल्या. पण तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं, की तेल असंच बुडबुड करत येतं, हे आठवलं आणि त्यांचं हसू विरलं. दाणा खाली गेला, की वर पोकळी होते. तिला वरून हवा मिळाली नाही, तर हवा खालच्या दारातूनच आत घुसते आणि पडत्या दाण्याला अडवते. वरून हवा का मिळत नव्हती, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बाहेर शाळांच्या खिचडीसाठी ज्वारी न्यायला आलेले सात ट्रक उभे होते. गप्प बसले तर पंखाजी नापास, नोकरी शाबूत. पण पोरं उपाशी!

“साहेब, माझंच चुकलं,” बाई म्हणाल्या. “किडे फार झाले होते, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कणगीचं तोंड लिंपतात तसा मी झरोका शेणमातीने लिंपला.”

“सायलो लिंपलात? अहो, काय हे!” साहेबांनी कपाळाला हात लावला.

बाई खुरपं घेऊन शिडी चढल्या. लिंपण खरवडताच सूंऽऽ करून हवा आत शिरली आणि खाली ज्वारी अशी कोसळली, की ट्रक भरलाच, साहेबांचे बूटही भरले.

“एकवीस दिवसांत किडे शून्य,” पंखाजी अचानक म्हणाला. “कारण माझ्या माहितीत नव्हते.”

“आता कळलं ना?” बाई वरून ओरडल्या. “कोंडल्या जागेत किडा श्वास घेणार कुठून?”

पंखाजी क्षणभर घुमला. “साहेब, झरोका एरवी बंद आणि दाणा काढताना उघडा ठेवीन. पण उद्या बाई घरी गेल्यावर, जे मला माहीत नाही हेच मला माहीत नसेल, ते मी कोणाला विचारू?”

साहेब एका पायावर उभे राहून बुटातली ज्वारी ओतत होते. ओतणं थांबवून त्यांनी शिडीकडे पाहिलं.

“द्वारकाबाई, जरा खाली येता का?”