कितीपट जवळ

तोनला नवी दुर्बीण घ्यायची होती आणि ती निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी भिंगांची इंजिनिअर. गेली चौदा वर्षं मी इथे परदेशात, फेल्डहोवनच्या एका कंपनीत भिंगं तपासते. आमची भिंगं कॉम्प्युटरच्या चिपवर रेघा काढतात, हरणांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण हे शेजाऱ्याला कोण सांगणार? डॉक्टर म्हटलं की तो दातांचा असला तरी लोक त्याला पाठदुखी सांगतातच.

तोन अडुसष्ट वर्षांचा, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. एर्सेल गावाच्या पुढे त्याचं शिकारीचं रान आहे. एका बाजूला पाइनचं जंगल, मध्ये हीदरच्या खुरट्या झुडपांचा उघडा माळ, पलीकडे मक्याची शेतं. जंगलात कमी पटीची दुर्बीण बरी, कारण झाडांमधून हरीण शोधायला रुंद दृश्य लागतं. माळावर जास्त पटीची हवी, नर आहे की मादी ते लांबून कळलं पाहिजे. पण पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते, आणि तोनचे हात आता थरथरतात. हे त्याला सांगायचं मात्र नाही.

"एकच घेणार," तो म्हणाला. "मरेपर्यंत पुरली पाहिजे."

दुकानदाराने तीन नमुने दोन आठवडे वापरायला दिले. आठपट, दहापट, बारापट. मी नेहमीप्रमाणे वहीत तक्ता आखला.

तोनला नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा सुश्रुत डेल्फ्टच्या स्टेशनवर उभ्या-उभ्या कोसळला तेव्हा मी कंपनीच्या कामाने तैवानला होते. तिथे वादळ आलं, विमानं बंद पडली, मला पोचायला चार दिवस लागले. ते चार दिवस आमची स्वानंदी तोनच्या घरी होती. दहा वर्षांची पोर. मी आले तेव्हा सुश्रुतला थंड खोलीत ठेवलं होतं. चेहऱ्याला पावडर लावली होती आणि भांग भलत्याच बाजूला पाडला होता.

तेव्हापासून मी त्याचा चेहरा आठवायला गेले की तो पावडर लावलेला चेहरा आडवा येतो. फोटो खूप आहेत, त्यांचा उपयोग नाही. मला तो हलताना हवा होता. हाक मारल्यावर वळताना. त्याची मान आखडलेली असायची, म्हणून तो मान वळवायचाच नाही, अख्खा वळायचा. मी त्यावरून त्याला फार चिडवलं. आता एकदा, फक्त एकदा तसं वळून त्याने माझ्याकडे पाहावं, एवढ्यासाठी मी काहीही दिलं असतं.

पहिल्या दिवशी तोन आणि मी संध्याकाळी सहाला रानातल्या मचाणावर चढलो. सप्टेंबर संपत आलेला, हीदरचा जांभळा रंग विटून तपकिरी झालेला. मचाणासमोरून तारेचं कुंपण सरळ जंगलापर्यंत जातं. त्याचे खांब वीस-वीस मीटरवर आहेत, ते मी मोजपट्टी म्हणून धरले. आठपटीची दुर्बीण लावली, दृश्याच्या कडा तपासल्या, रंग तपासले. छान होती.

विसाव्या खांबापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. अंगात निळा रेनकोट. डावा खांदा किंचित खाली.

"तोन, तुझ्या रानात कोणीतरी शिरलंय."

"कुठे?"

"विसावा खांब."

तोनने स्वतःची जुनी दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं. "कोणी नाहीये," तो म्हणाला.

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. पुन्हा दुर्बीण लावली, माणूस होता. प्रिझममधून कधी कधी उलटसुलट प्रकाश येतो आणि डाग दिसतात, तसलं काही असणार असं मी ठरवलं. दुर्बीण बदलून मी दहापटीची घेतली.

तो सोळाव्या खांबापाशी उभा होता.

भिंग वस्तू मोठी दाखवतं, जवळ आणत नाही. हे मी कॉलेजच्या पोरांना शिकवलेलं आहे. खांबसुद्धा माणसाबरोबरच मोठे दिसतात, त्यामुळे विसाव्यापाशी उभा असलेला माणूस कितीही पटीने पाहिला तरी विसाव्यापाशीच दिसला पाहिजे. मी परत आठपटीची लावली. तो सोळाव्यापाशीच होता. दहापटीने आणला तिथे राहिला होता.

वहीत लिहिलं, "जो पाहतो तो जवळ आणतो." मग असलं वाक्य तक्त्यात लिहिल्याची लाज वाटली, पण खोडलं नाही.

घरी आल्यावर नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "ऋजू, इतकी लांब का बसलीयेस? फोन जवळ घे की जरा."

फोन माझ्या हातात होता. मी तो आणखी जवळ घेतला.

"हां," आई म्हणाली. पण डोळे बारीक करूनच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. तोनला म्हटलं, थरथर मोजायची आहे, एकटीला सोपं जातं. खोटं बोलताना मला जराही वाईट वाटलं नाही. त्या दिवशी दहापटीने तो तेराव्या खांबापर्यंत आला, बारापटीने अकराव्या. रेनकोटची पाठीवरची शिवण दिसायला लागली. तिथे मीच काळ्या दोऱ्याने घातलेले टाके होते, निळ्यावर न शोभणारे, कारण घरात दुसरा दोरा नव्हता. मी मचाणावर बसून रडले. दोन वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"सुश्रुत," मी म्हटलं. हाक नव्हती ती, नुसतं तोंडातून आलं.

तो वळला. मान नाही, अख्खा वळला.

त्याचे दोन्ही हात डोळ्यांपाशी होते. हातात दुर्बीण होती, आणि ती माझ्याकडे रोखलेली होती. चेहरा काही दिसला नाही.

मग पुढचे आठ दिवस मी रोज गेले. ऑफिसातून साडेपाचला सायकलने थेट रानात. तो हात खाली घेईल तेव्हा चेहरा दिसेल, एवढाच विचार डोक्यात असायचा. खांब कमी होत गेले. नऊ. सात. सहा. त्याने हात खाली घेतले नाहीत.

ऑफिसात प्रतीक माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो मीटिंगमध्ये सारखा म्हणायला लागला, "ऋजुता, यार, जरा लाउड बोल ना." मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलत होते. आमच्या गल्लीतल्या बायका हात करायच्या त्या करेनाशा झाल्या. सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावरची मुलगी माझ्या मागच्या माणसाचं सामान घ्यायला लागली, मी खाकरल्यावर दचकली. वाळल्येस, दमल्येस, लोकांना तशी दिसत असशील, असं मी स्वतःला समजावलं.

मंगळवारी जेवताना स्वानंदी समोरून जवळजवळ ओरडली, "आई! व्हाय आर यू व्हिस्परिंग?"

"मी कुठे कुजबुजतेय?"

"व्हॉट?" तिने कान पुढे केला.

नंतर भांडी लावताना तिने हळूच विचारलं, "आर यू गोइंग अवे?" मी तिला जवळ घेतलं. तिने मला मिठी मारली, पण हात जरा चाचपडत आले.

शुक्रवारी तोनचा फोन आला. त्याने ठरवलं होतं. आठपट. "तूच म्हणाली असतीस ना? हात थरथरतात माझे." उद्या दुकानात तिन्ही परत द्यायच्या होत्या. मग म्हणाला, "लाइन खराब आहे का? तू बोगद्यातून बोलतेयस."

त्या संध्याकाळी मी शेवटची गेले. स्वानंदीला सांगितलं होतं, सव्वासातला घरी येते, मग आपण दोघी जेवू.

बारापटीने तो दुसऱ्या खांबापाशी होता.

चाळीस मीटर. त्याची बोटं दिसत होती. नखं. उजव्या मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग. दुर्बिणीच्या खाली हनुवटी, दोन दिवसांची दाढी. पावडर नव्हती.

आणखी एकदा. दहापट लावून परत बारापट लावली असती की तो पहिल्या खांबापर्यंत आला असता. मग मचाणाच्या शिडीपाशी. तिथून चेहरा दिसलाच असता.

मी दहापटीची उचलली.

तेव्हा ते कळलं. दहा दिवस कळत होतं, पण मी कळू देत नव्हते. जो पाहतो तो जवळ आणतो असं मी लिहिलं होतं. तोही पाहत होता, म्हणजे तोही मला जवळ आणत होता. कितीपटीने, ते मला माहीत नव्हतं.

फोन वाजला. स्वानंदी होती. तिचा आवाज मुंगीएवढा येत होता. "आई? आई, आर यू देअर? आय कान्ट हिअर यू."

मी माळाकडे पाहिलं. नुसत्या डोळ्यांनी. कुंपण, हीदर, पाइनची काळी ओळ. तो तिथे होता, हात वर करून, मला माहीत होतं. इतकं जवळ आल्यावर उठून जाणं म्हणजे काय असतं हे मी कोणाला सांगू शकणार नाही. छातीतून काहीतरी ओढून काढावं लागलं.

"सुश्रुत," मी म्हटलं, "तिला माझ्याशिवाय कोणी नाही रे."

तिन्ही दुर्बिणी पिशवीत टाकल्या आणि शिडी उतरले. मागे वळून पाहिलं नाही. सायकल इतकी जोरात हाणली की घरी पोचले तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी वरण-भात केला. वर तुपाची धार. पिशवी टेबलावरच होती. स्वानंदी समोर बसली, दोन घास खाल्ले, मग आठपटीची काढून तिने डोळ्यांना लावली आणि माझ्याकडे रोखली.

आमचं टेबल सव्वा मीटर रुंद आहे. आणि ती दुर्बीण दोन मीटरच्या आतलं दाखवू शकत नाही, कुठलीच असली दुर्बीण दाखवत नाही. नुसता धूर दिसतो. मी तिला तसं सांगणारच होते.

ती मधलं चाक फिरवत होती. फिरवत फिरवत तिने ते पार दुसऱ्या टोकाला नेलं. कोसभर लांबचं पाहायला नेतात, त्या टोकाला.

"देअर यू आर," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू आलं. "आता नीट दिसतेस, आई."

मग तिने दुर्बीण खाली घेतली. तिची नजर माझ्या खुर्चीवरून तशीच पुढे गेली, मागच्या भिंतीवर, खिडकीवर, परत खुर्चीवर. घाईघाईने तिने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.