बाजूच्या सीटवरचं वजन

काटेवाल्यांचं दुकान वजनकाट्यांचं. सोनं तोलायच्या नाजूक काट्यापासून पोती तोलायच्या दणकट काट्यापर्यंत सगळं तिथं मिळायचं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत हे त्याचं वजन मनातल्या मनात सांगून मोकळे. एकदा एका पहिलवानाला त्यांनी दोन किलो कमी सांगितले, तर तो रुसला आणि दुसऱ्या दिवशी भरपेट जेवून पुन्हा तोलून घ्यायला आला! असा हा हसतमुख माणूस. पण त्या आठवड्याचा विषय निघाला, की खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसायचा.

बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. गाडीत बसलं की सीटबेल्ट नेमका टाक्यांवर यायचा, आणि नाही लावला की गाडी टुंग टुंग करून डोकं उठवायची.

"अहो, हिचं तोंड बंद करा हो," बायको वैतागून म्हणाली. "इतकं तर तुम्हीही कधी माझ्यावर ओरडला नाहीत."

"माझी काय बिशाद!"

डॉक्टरांना विचारायचं सोडून काटेवाल्यांनी गाड्यांचं वायरिंग करणारा गाठला.

"शेठ, घंटी काढू नका. वहिनींनाच बेल्ट लावायला सांगा."

"अरे, सीटखाली काय असतं? काटाच ना? वजन पडलं की ओरडतो. माझ्याच धंद्यातलं मला शिकवतोस होय?"

वायरमननं मान हलवली. सीटखालची वायर तोडली, घंटीचा स्पीकरही काढून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला.

तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी भर दुपारी काटेवाले एकटेच एका गोदामात सपाट काटा पोचवायला निघाले. रस्ता मोकळा, काचा बंद, उन्हानं सीट तापलेल्या. आणि घंटी वाजली.

टुंग. टुंग. टुंग.

बाजूची सीट रिकामी. गाडीत मात्र स्पिरिटचा वास भरून राहिला होता, दवाखान्यात येतो तसा. त्यांनी गाडी कडेला घेतली. एखादी वायर राहिली असेल, म्हणून सीटखाली हात घातला. तुटलेली टोकं बोटांना लागली. घंटी चालूच.

दुसरा कुणी पळून गेला असता. हे पडले काटेवाले. मागचा काटा काढून त्यांनी त्या रिकाम्या सीटवर ठेवला आणि शून्यावर आणला. आकडे थरथरले, चढले, थांबले.

एकसष्ट किलो चारशे.

काटा उचलून रस्त्यावर ठेवला. शून्य. पुन्हा सीटवर. एकसष्ट चारशे.

डॉक्टरांनी बायकोचं वजन रोज बघायला सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनीच तिला काट्यावर उभं केलं होतं आणि मोठ्यानं आकडा वाचला होता. एकसष्ट चारशे.

ते तडक वायरमनकडे गेले. सगळं ऐकून त्यानं ड्रॉवर उघडला. स्पीकर जागच्या जागी होता.

"मग वाजलं काय रे?"

त्यानं ड्रॉवर लावून टाकला. "शेठ… आज गाडी इथंच राहू द्या."

राहिलीही असती. पण तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. वहिनींची जखम उसवलीय, पट्टी रक्तानं भिजलीय, उभं राहवत नाही. ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता. काटेवाल्यांनी किल्ली उचलली.

बायकोला त्यांनी मागं बसवलं. पुढं बसवायची हिंमतच नव्हती.

"बेल्ट लाव."

"दुखतंय हो…"

"माझ्यासाठी लाव."

तिनं पट्टा हातात घेतला एवढं त्यांनी पाहिलं, लावला का ते पाहायला थांबले नाहीत. घाई होती.

चौक ओलांडला आणि पुन्हा तेच. टुंग. टुंग.

"अहो… ती काढली होती ना?"

"डोळे मिटून पडून राहा."

पुढची सीट रिकामी होती. तिकडं न बघता ते गाडी हाकत होते. घंटी जलद झाली, कानात शिरायला लागली… आणि पाठीमागं 'खट्' असा आवाज आला. घंटी थांबली.

लावला बाई एकदाचा, म्हणून त्यांनी श्वास सोडला. पुढच्याच वळणावर आडव्या गल्लीतून वाळूचा डंपर बाहेर आला.

गाडीची पुढची डावी बाजू पार चेपली. सीट होती कुठं, हे सांगावं लागलं असतं. काटेवाल्यांचं मनगट मोडलं. बायकोला लोकांनी मागचा पट्टा कापून बाहेर काढलं. टाके पुन्हा घालावे लागले, तेवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी वॉर्डात तिनं डोळे उघडले. हाताला सलाईन लावलेली होती.

"बरं झालं, बेल्ट लावलास," ते म्हणाले.

"मी कुठं लावला? हातात त्राण नव्हतं. त्या बाईनं लावला, मागं वळून."

"कुठल्या बाईनं?"

"तुमच्या शेजारी बसलेली ती. तोंडावर केस आले होते, चेहरा दिसला नाही. हात गार होता हो… आणि त्यावर ही अशीच सुई होती, चिकटपट्टी लावलेली."

बायकोनं आपल्या हातावरच्या सुईकडं पाहिलं, मग दाराकडं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तिला बाहेर काढलं ना? तिनं स्वतः बेल्ट लावला नव्हता…"