आत्याचा आवाज

ध्वनिक्षेपकातून गाणं सुरू झालं आणि पहिल्या ओळीलाच केतकीताई खुर्चीतून ताडकन उठल्या.

"रुबिना, बंद कर ते! हा तर माझाच आवाज आहे!"

डॉ. रुबिना मोमीन यांनी बटण दाबलं. ध्वनिस्मृती प्रयोगशाळेतलं ते गाणं थांबलं. केतकी चौगुले म्हणजे शास्त्रीय गायनातलं मोठं नाव, देशोदेशी मैफली गाजवलेली बाई. पण आत्ता त्यांचा चेहरा जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखा झाला होता.

त्यांना हवा होता आत्याचा आवाज. इचलकरंजीत त्यांच्या घराच्या चहूबाजूंनी माग चालायचे. त्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचं बोलणंही कळत नसे. आठवड्यातून एक दिवस वीज जायची, माग बंद पडायचे, आणि मग आत्या पायाने शिलाई मशीन चालवत गायची. गाणं कसलं, तिनेच जुळवलेल्या दोन ओळी: "सुटला गं दोरा, त्याला गाठ कुठं मारू? गेला जो गावाला, त्याला हाक कशी मारू?" सहा वर्षांची केतकी मशीनच्या फळीला कान लावून बसायची. ती गाण्याच्या नादाला लागली ती तिथेच. पुढे थोरामोठ्या गुरूंनी राग शिकवले, पण वेड लावलं ते आत्याने.

घरात टेपरेकॉर्डर होता. पण घरच्या माणसाचा आवाज कोण टेप करतं? आत्या गेली आणि आवाजही गेला. सगळी हयात केतकीताई त्या आवाजासाठी झुरल्या होत्या. म्हणूनच रुबिनाने 'स्मृतिस्वनक' तयार केल्याचं कळताच त्या धावत आल्या होत्या. ऐकलेल्या प्रत्येक आवाजाची मेंदूत खूण राहते, तिला रुबिना 'श्रवणठसा' म्हणे. झोपलेल्या माणसाचा श्रवणठसा हे यंत्र वाचायचं आणि त्याचा पुन्हा आवाज करून द्यायचं. आत्ता वाजलं ते केतकीताईंच्याच ठशातून.

"यंत्र चुकलं असेल गं," केतकीताई म्हणाल्या.

"यंत्र नाही चुकलं, ताई. आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे फडताळातला डबा. हवा तेव्हा काढला, हवा तेव्हा ठेवला. तसं नसतं. आठवण काढली की मेंदू ती उसवतो आणि पुन्हा नव्याने शिवतो. शिवताना आजचे आपण थोडे त्यात मिसळतो. पुढच्या वेळी आठवतं ते मूळ नसतं, मागच्या खेपेला आठवलेलं असतं. तुम्ही आत्यांना किती वेळा आठवलंत?"

"अगं, रोज. तानपुरा जुळवला की आधी तीच."

"मग रोज तुमचा गळा त्यांच्या गळ्यावर चढत गेला."

केतकीताई पुन्हा खुर्चीत बसल्या. "म्हणजे मी जीव लावला म्हणून ती पुसली गेली?"

रुबिना हळूच म्हणाली, "जे ऐकलं पण पुन्हा कधीच आठवलं नाही, ते मात्र जसंच्या तसं राहतं. असं कुणी आहे का? गाणं ऐकलंय, पण नंतर मनातसुद्धा आणलं नाही?"

"आहे की! आमचा दादा!" केतकीताईंना हसूच आलं. "गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्याला. माझ्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून घोरलाय."

संग्रामदादांचा इचलकरंजीत सुताचा व्यापार. त्यांना आणायचं, पण आत्याचा विषय काढायचा नाही, एवढी एकच अट रुबिनाने घातली. केतकीताईंनी चक्क थाप मारली, "दादा, पुण्यात कानांची छान तपासणी होते, ये." दादा आले ते भडंगाची पिशवी घेऊनच.

"घे गं. तुमच्या पुण्यात असलं कुठलं मिळायला!" म्हणत त्यांनी स्वतःच मूठभर तोंडात टाकलं. भडंग होतं झणझणीत. त्यांना उचकी लागली.

"बघ, कोण आठवण काढतंय माझी!"

अशा वेळी आपण काय करतो? एकेक नाव घेतो. ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढलेली. केतकीताईही लहानपणच्या सवयीने सुरू झाल्या, "वहिनी?" उचकी. "नातू?" उचकी. "आत्या?"

उचकी थांबली. दादा खिडकीबाहेर बघत राहिले. केतकीताईंनी जीभ चावली.

"आठवण काढलीच शेवटी," दाराबाहेर येऊन रुबिना कुजबुजली. "पण एका आठवणीने कडा तेवढ्या पुसट होतील. गाभा राहील. करू या."

दादांना झोपवलं. शिलाई मशीनची खटखट त्यांच्या कानात बारीक आवाजात सोडली. आलेखावर ठसा उमटला. केतकीताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता येईल, आता येईल आत्या.

ध्वनिक्षेपकातून आवाज आला. जाडाभरडा, पुरुषी, वरच्या सुराला फाटणारा. "सुटला गं दोरा..." दादांचाच आवाज. एका ओळीनंतर रुबिनाने तो बंद केला.

"घालवलं मी सगळं!" केतकीताईंनी कपाळावर हात मारला. "माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही! उचकीपायी आत्या गेली माझी!"

रुबिना आलेखावरून नजर काढत नव्हती. "ताई, रडू नका, इकडे बघा. एका आठवणीने एवढं होत नाही. हा तुमचा ठसा, हा दादांचा. पुन्हा लिहिल्याचे थर दिसतात ना? तुमच्याइतकेच आहेत. थोडे जास्तच."

"म्हणजे?"

"म्हणजे हे रोज आठवत आलेत. जन्मभर."

दादा जागे झाले. "झाली तपासणी? कान बरे हाईत न्हवं?"

"दादा, तू आत्याचं गाणं म्हणतोस?"

सुताच्या बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला. "कोण बोललं? म्हणतो कधीमधी, गाडीवर. हेल्मेट घातलं की आपलं आपल्यापाशी राहतंय. लोकांना तरास कशाला?"

"मला कधी बोलला नाहीस?"

"तू एवढी मोठी गाणारी. तुझ्यापुढं काय बोलायचं?" दादा चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. "तू तिच्या मशीनपाशी बसायचीस. मी जिन्यात बसायचो. तिथनं बी चांगलं ऐकू यायचं."

केतकीताईंच्या डोळ्यांना धार लागली. आत्यासाठी आपण एकट्याच झुरतोय असं त्या आजवर धरून चालल्या होत्या.

"म्हण ना, दादा. आत्ता."

"हसशील."

"नाही रे हसणार."

"ताई, थांबा," रुबिना घाईने म्हणाली. "एक ओळ ऐकलीत, तेवढं ठीक. आता हे जीव लावून ऐकाल, आणि तुमच्या ठशात दादांचा आवाज मिसळेल. पुढे आत्या आठवतील त्या अशाच, फाटक्या आवाजात, बेसूर. तुमच्याकडे उरलेली सुरेल आत्या पुन्हा मिळायची नाही."

केतकीताईंनी खुर्ची ओढली आणि त्या दादांच्या अगदी जवळ बसल्या.

"दोन्ही ओळी म्हण, दादा," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश म्हण."